आईसाठी स्वस्तातला कॉर्डलेस: आधी घरातली लाइट आणि लाइन बघा

«माझी आई सांगलीत गावभागात एकटी राहते, वय ७६. घर जुनं, जाड भिंतींचं. पुढे सोपा, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि परस, वर एक माडी. लँडलाइन सोप्यात आणि आईचा सगळा दिवस स्वयंपाकघरात नाहीतर परसात. घंटा वाजली की ती धावत येते. मागच्या महिन्यात उंबऱ्याला अडखळली, पडता पडता वाचली. टच मोबाइल दिला होता, तो कपाटात चार्जिंगविना पडून असतो. म्हणून दोन-अडीच हजारांत कॉर्डलेस घ्यावा असं मनात आहे. ऑनलाइन बघितलं तर एकाच फोनला कुणी पाच तारे देतं, कुणी ‘पैसे पाण्यात’ लिहितं. भाऊ न्यू जर्सीला असतो, तो म्हणतो थांब, दिवाळीला येताना मी तिकडून चांगला आणतो. त्यात लाइनमन सांगून गेलाय की तांब्याची वायर काढून फायबर करायचं आहे. आई म्हणते, ‘मला नको, उगीच खर्च.’ स्वस्तातला कॉर्डलेस टिकतो का? घ्यावा की नको?»
— एक लेक, पुणे

ताई,

घ्या. पण सोप्यातला जुना वायरचा फोन काढून टाकू नका. तो आहे तिथेच राहू दे आणि कॉर्डलेस त्याच्या जोडीला येऊ दे. या अटीवरच मी ‘घ्या’ म्हणतोय, आणि ती अट का घालतोय ते आधी सांगतो.

वायरच्या साध्या फोनला घरातली वीज लागत नाही. तांब्याच्या लाइनवरून एक्स्चेंजच त्याला ४८ व्होल्टचा पुरवठा करतं आणि एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्या असतात. म्हणून अख्ख्या गल्लीत अंधार असला तरी जुना फोन वाजतो. कॉर्डलेसचं तसं नाही. त्याचे दोन भाग असतात, प्लगला जोडलेला बेस आणि हातात धरायचा हँडसेट. हँडसेटमध्ये सेल असतात, त्यामुळे लोकांना वाटतं की लाइट गेली तरी तो चालेल. पण हँडसेटचं बोलणं रेडिओ लहरींनी बेसकडे जातं आणि बेसमधून लाइनवर. बेसची वीज गेली की हँडसेटचे सेल भरलेले असूनही तो बेस शोधत बसतो, फोन लागत नाही आणि येतही नाही. वळवाचा पाऊस आला, डीपीवर काहीतरी उडालं आणि नेमक्या त्याच तासात आईंना कुणाला तरी बोलवायचं असलं, तर त्या वेळी उपयोगी पडेल तो सोप्यातला जुना फोनच.

घर गावभागात आहे म्हणून मी हे जरा ताणून सांगतोय. ऑगस्ट २०१९ चा महापूर तुम्ही विसरला नसाल, २०२१ चाही. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की तुमच्या भागातली माणसं सामान वर चढवायला लागतात, आणि पाणी वस्तीत शिरू लागलं की वीज बंद करण्याशिवाय महावितरणला इलाज नसतो. पुण्यात बसलेल्या लेकीचा जीव ज्या रात्री आईच्या आवाजासाठी तळमळतो, त्याच रात्री घरात वीज नसते. फोन निवडताना पहिला विचार त्या रात्रीचा करा, मग बटणांचा आणि रंगाचा.

आता तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत: लाइनमन फायबर करायचं म्हणाला. फायबर म्हणजे काचेचा धागा, त्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. फायबर आलं की घरात भिंतीवर एक छोटा डबा बसतो आणि फोनची पिन त्या डब्याच्या मागच्या फोनच्या खोबणीत जाते. तो डबा घरच्या विजेवर चालतो. म्हणजे फायबर झाल्यावर लाइट गेली की जुना वायरचा फोनसुद्धा बंद. तांब्यावर जो आधार फुकट मिळत होता तो इथे आपल्याला विकत घ्यावा लागतो.

घरात इन्व्हर्टर असेल तर सगळ्यात सोपं: फायबरचा डबा आणि कॉर्डलेसचा बेस हे दोन्ही प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, वायरमनचं अर्ध्या तासाचं काम आहे. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी मिळतो तो छोटा यूपीएस घ्या. तो डब्याला काही तास जिवंत ठेवतो, आणि डब्याला जोडलेला वायरचा फोन त्याच्यावर चालत राहतो. इथे एक खबरदारी अगदी जपून घ्या. हे छोटे यूपीएस बहुतेक १२ व्होल्टचे असतात, कारण फायबरचे डबे सहसा १२ व्होल्टवर चालतात. कॉर्डलेसच्या बेसला मात्र बरेचदा त्याच्या निम्म्याच्या आसपास व्होल्ट लागतात. पिन बसते म्हणून जोडली, असं झालं तर बेस जळतो. अडॅप्टरच्या पाठीवर ‘आउटपुट’च्या पुढे आकडा छापलेला असतो, तो आणि यूपीएसवरचा आकडा जुळला तरच जोडा.

फायबरची माणसं आली की त्यांना आणखी दोन गोष्टी विचारा. जुना नंबर तोच राहणार आहे ना, हे अर्जावर लिहून घ्या. नातेवाइकांना तोंडपाठ असलेला नंबर बदलला तर आईंचे निम्मे फोन बंद होतील. आणि जुन्या फोनच्या बुडाला ‘टी’ आणि ‘पी’ असं लिहिलेलं छोटं बटण असेल तर ते ‘टी’वर करा. फायबरच्या बऱ्याच डब्यांना जुन्या पल्स पद्धतीचं डायलिंग कळत नाही. मग फोन येतो पण लागत नाही, आणि सगळे लाइनला दोष देत बसतात. कॉर्डलेस मात्र तांबं असो की फायबर, दोन्हीकडे त्याच पिनने चालतो, त्यामुळे फायबर होईपर्यंत खरेदी थांबवायची गरज नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक सुचवतो, कारण ते कॉर्डलेसपेक्षा स्वस्त आहे. स्वयंपाकघरात दुसरा वायरचा फोन बसवता येतो. सोप्यातल्या पेटीपासून भिंतीच्या कडेने वायर ओढायची, पाचशे-सातशेचा साधा फोन लावायचा. चार्जिंग नाही, सेल नाहीत, रेंज नाही, शिकण्यासारखं काही नाही. आईंना नवीन वस्तूची धास्ती असेल तर हा उपाय मी कॉर्डलेसच्याही आधी करीन. पण त्यात एक उणीव आहे. परसात, न्हाणीघराशी किंवा माडीच्या जिन्यावर पाय घसरला तर भिंतीवरचा फोन जवळ येत नाही. आई अंगाशी बाळगू शकतील असा फोन हाच कॉर्डलेसचा खरा फायदा, आणि एकट्या राहणाऱ्या ७६ वर्षांच्या बाईंसाठी तो फार मोठा आहे.

मात्र तो त्यांनी खरंच अंगाशी बाळगला पाहिजे. साडीला खिसा नसतो. हँडसेटच्या पाठीला कमरपट्ट्यात अडकवायची क्लिप असते, ती साडीवर निरुपयोगी. हँडसेट कमरेला खोचला तर वाकताना पडतो, ओट्यावर ठेवला तर तिथेच राहतो. तेव्हा जाड सुती कापडाची लांब बंदाची छोटी पिशवी शिवून घ्या, खांद्यावरून तिरकी अडकवता येईल अशी. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण कॉर्डलेस घेतलेल्या किती घरांत हँडसेट दिवसभर बेसवरच बसून असतो ते बघा, म्हणजे मी पिशवीचा एवढा आग्रह का धरतो ते कळेल. अंघोळीला जाताना ती पिशवी न्हाणीघराच्या दाराशी खाली स्टुलावर ठेवायची, खुंटीवर टांगायची नाही. पडलेल्या माणसाचा हात खुंटीपर्यंत पोचत नाही.

भावाला मात्र प्रेमाने नको म्हणा. बेस आणि हँडसेट एकमेकांशी ज्या रेडिओ पद्धतीने बोलतात, तिच्यातली एक म्हणजे ‘डेक्ट’. अमेरिकेत डेक्टचे कॉर्डलेस फोन १९२० ते १९३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, तिथे त्याला ‘डेक्ट ६.०’ म्हणतात. आपल्याकडे १९२०च्या वरच्या लहरी मोबाइल कंपन्यांच्या आहेत, तुमच्या-आमच्या मोबाइलकडून टॉवरकडे जाणारं बोलणं त्यातूनच जातं. तिकडचा फोन इथे लावला तर शेजारपाजारच्या मोबाइलला अडथळा होऊ शकतो आणि आईंच्या फोनमध्येही खरखर येऊ शकते. शिवाय तिकडचे अडॅप्टर बहुतेक १२० व्होल्टचे असतात, आपल्या २३० व्होल्टवर ते क्षणात जातात. वस्तू कितीही चांगली असली तरी इथल्या घरासाठी ती बनलेली नाही. त्याला आईसाठी काही करायचंच असेल तर छोट्या यूपीएसचे पैसे देऊ द्या.

आता ताऱ्यांबद्दल. पाच तारे देणाऱ्यांतले पुष्कळजण फोन हातात पडल्या आठवड्यातच लिहितात, तेव्हा सेल नवे असतात आणि उत्साहही. ते अभिप्राय सोडून द्या. आठ-दहा महिने वापरून लिहिलेले शोधा आणि त्यातही तक्रारीचं कारण वाचा, तारे मोजू नका. ‘चार्जिंग टिकत नाही’ ही तक्रार जवळपास प्रत्येक कॉर्डलेसला येते, कारण आतले सेल दीड-दोन वर्षांत दमतातच. सेल बदलता येत असतील तर तो फोनचा दोष नाही. ‘नंबर दिसत नाही’ असं कुणी लिहिलं असेल तर बरेचदा त्या लाइनवर ती सोय सुरू करून घेतलेली नसते, किंवा फोनमध्ये नंबर ओळखायची पद्धत चुकीची निवडलेली असते. आपल्याकडे डीटीएमएफ आणि एफएसके अशा दोन पद्धती चालतात, म्हणून पेटीवर ही दोन्ही नावं असलेला फोन घ्यावा. ‘खरखर येते’ या तक्रारीचा गुन्हेगार कितीतरी वेळा बाहेरच्या खांबावरचा गंजलेला जोड असतो. कॉर्डलेसची पिन काढून तिथे जुना फोन लावून बघायचा. त्यातही खरखर आली तर लाइन खराब, नवा फोन निर्दोष. उलट काही तक्रारी मी गंभीरपणे घेईन: बटणं दबत नाहीत किंवा एकदा दाबली की दोनदा आकडा उमटतो, हँडसेट बेसवर नीट बसत नाही म्हणून चार्जच होत नाही, सहा महिन्यांत पडदा पुसट झाला. एकाच मॉडेलबद्दल वेगवेगळ्या माणसांनी हेच लिहिलं असेल तर तो फोन सोडून द्या.

बीटेल, पॅनासॉनिक, मोटोरोला, गीगासेट ही नावं तुम्हाला दिसली असतील. तुमच्या पैशांत यांतलं काहीतरी बसेल, आणि या किमतीत एका कंपनीचा फोन दुसरीपेक्षा फार उजवा ठरेल असं मला वाटत नाही. फरक पडतो तो आईंच्या हातात. म्हणून शक्य असेल तर ऑनलाइन मागवण्याऐवजी एकदा आईंना घेऊन हरभट रोडला किंवा जवळच्या एखाद्या दुकानात जा. हँडसेट त्यांच्या हातात द्या आणि त्यांनाच तुमचा नंबर दाबायला सांगा. बटणं मोठी आणि एकमेकांपासून सुटी असावीत, दाबली की बोटाला कळावं, आणि त्यांच्यामागे उजेड असावा. स्पीकरचं बटण हवंच, ऐकू कमी येणाऱ्याला फोन कानाला दाबून धरण्यापेक्षा समोर ठेवून बोलणं सोपं जातं.

दुकानात एक गफलत होते, ती टाळा. ‘बिनवायरचा लँडलाइन’ म्हटलं की काही दुकानदार सिमकार्डवर चालणारा टेबलफोन काढून देतात. दिसायला तो लँडलाइनसारखाच, पण आतून मोबाइल. त्याला तुमची लाइन लागत नाही, नंबर वेगळा, रिचार्ज वेगळा. त्याची बॅटरी स्वतःची असते, त्यामुळे लाइट गेल्यावरही तो चालतो, हा त्याचा गुण मी नाकारत नाही. पण स्वस्त मॉडेल फक्त टू-जीचं असेल तर जिओचं सिम त्यात चालणार नाही, कारण जिओकडे टू-जी नाहीच. आणि रिचार्ज संपल्याचं आईंच्या लक्षात आलं नाही तर फोन मुका होईल. तुमची गरज वेगळी आहे, तेव्हा पेटीवर ‘कॉर्डलेस’ लिहिलंय आणि मागे टेलिफोनच्या पिनची खोबण आहे, हे बघूनच पैसे द्या.

याशिवाय दोन गोष्टी मी डोळ्यांत तेल घालून बघेन. पहिली, सेल. हँडसेटच्या पाठीमागचं झाकण उघडून बघा. आत रिमोटला लागतात त्या मापाचे, ट्रिपल ए, दोन सेल असतील तर उत्तम. ते कुठेही मिळतात. वायरने जोडलेली, कंपनीची स्वतःची वेगळीच बॅटरी असेल तर दोन वर्षांनी ती शोधत फिरावं लागतं आणि ती मिळाली नाही की धडधाकट फोन भंगारात जातो. नवे सेल घालताना ते चार्ज होणारेच हवेत, निकेल मेटल हायड्राइडचे, १.२ व्होल्ट छापलेले. रिमोटचे साधे सेल चुकूनही घालू नयेत. बेस त्यांना चार्ज करायला बघतो आणि ते गळतात, फुटूही शकतात. हे आईंना आणि शेजारच्या मुलांनाही सांगून ठेवा, कारण ‘काकू, आमच्याकडे आहेत सेल, घालून देतो’ असं म्हणणारं कुणीतरी निघतंच.

दुसरी गोष्ट म्हणजे लहरींचा पट्टा. स्वस्त फोनांत काही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, काही डेक्टवर. २.४ हा वायफायचा आणि मायक्रोवेव्हचाही पट्टा. फायबरबरोबर घरात वायफाय आलं आणि बेस त्याच्या शेजारीच ठेवला तर बोलणं तुटायला लागतं. डेक्टचा पट्टा वेगळा असल्याने हा त्रास होत नाही. पैशांत बसत असेल तर डेक्टच घ्या. नसेल बसत तर २.४चा घ्या, पण बेस आणि वायफायचा डबा एकाच फळीवर ठेवू नका.

डेक्टची रेंज मोकळ्यावर ३०० मीटर आणि घरात ५० मीटर अशी सांगितली जाते. आत्ताच्या फ्लॅटमध्ये ५० मीटर खूप झाले. तुमच्याकडच्या जाड भिंतींमध्ये, लोखंडी कपाटांमागे ते झपाट्याने कमी होतात. म्हणून बेस सोप्याच्या कोपऱ्यात ठेवू नका, माजघरात आणा, घराच्या मधोमध, छातीच्या वर येईल अशा फळीवर. पुराच्या दृष्टीनेही तो जमिनीलगत नको. पावसाळ्यात माडीवर नेता येईल एवढी वायर मोकळी ठेवा.

फोन आणल्यावर पुण्याला लगेच परतू नका. परत करायची मुदत थोडी असते, तेवढ्यात त्याचा कस लावून घ्या. माहितीपत्रकात पहिल्या चार्जिंगला जितके तास लिहिलेत तितके पूर्ण होऊ द्या, १५-१६ तास लिहिलेले असले तरी. मग मोबाइलवरून घरी फोन लावा आणि आईंना बोलत बोलत परसात, न्हाणीघरापाशी, माडीवर फिरू द्या. तुम्ही सोप्यात बसून ऐका. आवाज कुठे तुटतो ते तुम्हाला कळेल आणि बेस कुठे हलवायचा तेही. त्यानंतर बेसचा प्लग काढा आणि आईंच्या देखत हँडसेट बंद पडलेला दाखवा, लगेच सोप्यातल्या फोनवरून फोन लावायला सांगा. लाइट गेल्यावर काय करायचं हे त्यांनी स्वतःच्या हाताने एकदा केलेलं असलं पाहिजे.

घंटेचा सूर बदला. वयाबरोबर बारीक, तीव्र आवाज आधी ऐकू येईनासे होतात, आणि स्वस्त फोनांची मूळची घंटा नेमकी तशीच किणकिणती असते. यादीतली सगळ्यात जाड सुराची निवडा. ‘ऑटो टॉक’ अशी सोय असेल तर चालू करा. मग बेसवरून उचलला की हिरवं बटण न दाबता बोलणं सुरू होतं. बोलून झाल्यावर मात्र लाल बटण दाबायची सवय लावावी लागेल. पिशवीत तसाच सरकवला तर लाइन अडकून राहते, तुम्हाला नुसता एंगेज टोन येतो आणि जीव टांगणीला लागतो. काही मॉडेलमध्ये एखादं बटण जास्त वेळ दाबलं गेलं तर घंटाच बंद होते. ते कुठलं बटण आहे हे माहितीपत्रकात बघा आणि आईंना दाखवून ठेवा.

नंबर साठवताना प्रत्येक मोबाइल नंबराच्या आधी शून्य लावा. १५ जानेवारी २०२१पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना शून्य लागतं. आलेल्या फोनच्या यादीत नंबर शून्याशिवाय पडला असेल तर तिथूनच परत लावल्यावर तो लागत नाही, आणि आईंना वाटेल की फोन बिघडला. एका बटणावर लागणाऱ्या नंबरांत पहिला तुमचा ठेवू नका, पहिला शेजारचा ठेवा. पुण्याहून सांगलीला यायला तुम्हाला अर्धा दिवस लागेल, शेजारची वहिनी दोन मिनिटांत दारात असेल. दुसरा तुमचा. तिसऱ्यावर रुग्णवाहिकेचा १०८.

आलेल्या फोनचा नंबर दिसण्याची सोय मी वर सांगितली, ती चालू करून घ्याच, त्याला अजून एक कारण आहे. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांना ‘पोलिस बोलतोय, तुमच्या नावावर गुन्हा आहे’ असे फोन करून लुबाडण्याचे प्रकार होतायत. ओळखीचा नंबर नसेल तर उचलायचाच नाही, हा नियम पडदा असेल तरच पाळता येतो. चुकून उचलला आणि पैशांची भाषा सुरू झाली तर ठेवून द्यायचा आणि तुम्हाला लावायचा. पैसे गेलेच तर १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, तो फोनच्या वरच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून लावा.

विजा कडाडत असताना वायरच्या फोनवर बोलू नये, लाइनवरून धक्का येऊ शकतो. कॉर्डलेसच्या हँडसेटवर बोलायला हरकत नाही, कारण तो कशालाच जोडलेला नसतो.

टिकतो का, हे तुम्ही विचारलंत. सेल बदलत राहिलात तर या किमतीचा फोन चार-पाच वर्षं चालायला हरकत नाही. त्याआधी जाईल तो बहुधा अडॅप्टर, व्होल्टेज कमी-जास्त झालं की त्याला सोसत नाही. म्हणून अडॅप्टरवरचे आकडे मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, पुढे तसाच घेता येईल. पक्कं बिल घ्या आणि वॉरंटीचं कार्ड दुकानाच्या शिक्क्यानिशी भरून घ्या. रात्री हँडसेट बेसवर ठेवायचा. सतत बेसवर ठेवल्याने सेल लवकर जातात असं कुणी सांगेल, त्यात थोडं तथ्यही आहे. पण दीड-दोनशे रुपयांच्या सेलसाठी मी आईंना चार्जिंगचं वेळापत्रक सांभाळायला लावणार नाही.

राहिली आईंची ‘मला नको’. एवढी वर्षं स्वतःचं घर स्वतः सांभाळणाऱ्या बाईला, आपण आता पडू असं मुलांना वाटतंय, हे ऐकायला आवडत नाही. तेव्हा तिथून सुरुवात करू नका. ‘तू परसात असलीस की माझे फोन वाया जातात, मला काळजी लागून राहते’ असं स्वतःच्या बाजूने सांगा, जे खरंच आहे. आठवडाभर वापरून बघ, नाही पटला तर परत देऊ, असं म्हणा आणि तो शब्द पाळा. मुदत संपायच्या आत त्यांनी नकोच म्हटलं तर वाद न घालता फोन परत करा, आणि त्याच पैशांत स्वयंपाकघरात वायरचा फोन बसवून घ्या. उरलेल्यात उंबऱ्याजवळ भिंतीला धरायला एक दांडी आणि रात्रीचा एक छोटा दिवा होईल.